कोल्हापूरचे कार्बन उत्सर्जन उपग्रहावरून मोजता येईल का?

करवीरनिवासी यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या प्रभागातील काही नागरिक मिळून शहराच्या हवामान आराखड्याविषयी महापालिकेला सूचना देण्यासाठी एक टिपण तयार करीत आहोत. शहरातून दरवर्षी किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हा त्यातला पहिलाच मुद्दा आहे आणि आमची गाडी तिथेच अडली आहे. आजवर जे आकडे पाहण्यात आले ते सगळे हिशेबाचे आहेत, म्हणजे पेट्रोल-डिझेलची विक्री, गॅसच्या टाक्या आणि विजेची युनिटे घेऊन प्रत्येकाला ठरावीक गुणकाने गुणलेले. हा हिशेब कितपत विश्वासाचा, याची आम्हाला शंका आहे. कारण आपल्याकडे सीमेपलीकडे इंधनाचे दर कमी असले की निम्मे शहर टाकी भरायला कागलच्या पुढे जाते, आणि महामार्गावरच्या पंपांवर डिझेल भरणारे ट्रक मात्र पुण्याचे किंवा बेंगळुरूचे असतात.

अशातच आमच्या बैठकीत एका सदस्यांनी सांगितले की, आता नासाचे उपग्रह हवेतील कार्बन डायऑक्साइड थेट मोजतात आणि त्यावरून संगणकीय प्रारूपाने शहराचे उत्सर्जन काढता येते, तेव्हा पावत्या गोळा करीत बसण्याची गरजच नाही. हे खरे असेल तर फार सोयीचे होईल. माझे प्रश्न असे आहेत: उपग्रह नेमके काय मोजतो? त्या मोजमापावरून टनांचा आकडा कसा काढतात? आणि मुंबई-दिल्लीसाठी जे जमते ते साडेपाच लाख वस्तीच्या (२०११ च्या जनगणनेनुसार), सुमारे ६७ चौरस किलोमीटरच्या आणि चहूबाजूंनी उसाने वेढलेल्या आपल्या शहरासाठी जमेल का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

वातकुक्कुट यांचे उत्तर

प्रश्न उत्तम आहे, आणि तिसऱ्या भागाचे उत्तर बहुधा आपल्याला आवडणार नाही. तरी क्रमाने सांगतो.

उपग्रह उत्सर्जन मोजत नाही, इतकेच काय, जमिनीलगतच्या हवेतले प्रमाणही मोजत नाही. नासाचा ओसीओ-२ हा उपग्रह जुलै २०१४ पासून सुमारे ७०५ किलोमीटर उंचीवरून फिरत आहे आणि जमिनीवरून परावर्तित होऊन वर येणारा सूर्यप्रकाश तो अतिशय बारकाईने तपासतो. कार्बन डायऑक्साइड १.६१ आणि २.०६ मायक्रोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतो, तर ऑक्सिजन ०.७६ मायक्रोमीटरच्या आसपासचा. ऑक्सिजनचे हवेतील प्रमाण ठाऊक असल्यामुळे त्याच्या शोषणावरून प्रकाश एकूण किती हवेतून आला हे कळते, आणि मग कार्बन डायऑक्साइडच्या शोषणावरून जमिनीपासून वातावरणाच्या माथ्यापर्यंतच्या संपूर्ण स्तंभातील त्याचे सरासरी प्रमाण काढले जाते. जागतिक पातळीवर हे प्रमाण आज ४२० पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे ४२०) वर आहे. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटावरील मौना लोआ येथे मोजमाप सुरू केले तेव्हा ते सुमारे ३१५ होते.

शहराचे उत्सर्जन म्हणजे या ४२० वर आलेली किंचित वाढ. वारा शहरावरून वाहताना ही वाढ सोबत घेऊन जातो, त्यामुळे वारा जिकडून येतो त्या बाजूचे मोजमाप पलीकडच्या बाजूच्या मोजमापातून वजा केले, उरलेल्या फरकाला वाऱ्याच्या वेगाने आणि झोताच्या रुंदीने गुणले, की सेकंदाला किती किलो वायू बाहेर पडतो याचा अंदाज मिळतो. ही झाली सर्वांत साधी रीत. यात वाऱ्याचा वेग २० टक्क्यांनी चुकला तर उत्सर्जनाचा आकडाही सरळ २० टक्क्यांनी चुकतो. म्हणून या क्षेत्रातले निम्मे काम उपग्रहाचे नसून हवामानशास्त्राचे आहे, आणि याकडे बातम्यांत कुणी लक्ष देत नाही.

मुंबईबाबत आपण म्हणता ते खरे आहे. जपानच्या गोसॅट उपग्रहाच्या नोंदींवरून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लॉस एंजेलिसवरील स्तंभात भोवतालापेक्षा ३.२ पीपीएम आणि मुंबईवरील स्तंभात २.४ पीपीएम वाढ आढळली होती. अनिश्चितता अनुक्रमे १.५ आणि १.२ पीपीएम होती, म्हणजे महानगरांसाठीही ती जवळजवळ निम्मी. पुढे २०१७ मध्ये ओसीओ-२ च्या नोंदींवरून एकेका मोठ्या औष्णिक वीजकेंद्राचे उत्सर्जन काढून दाखवण्यात आले. म्हणजे पद्धत पोकळ नाही.

आता कोल्हापूर. खरा आकडा आपल्याकडे नाही, म्हणून निव्वळ गणितासाठी धरून चालू की शहरातून वर्षाला १० लाख टन कार्बन डायऑक्साइड थेट बाहेर पडतो. हे सेकंदाला सुमारे ३२ किलो झाले. शहराची रुंदी १० किलोमीटर आणि वारा सेकंदाला ४ मीटर घेतला, तर शहर ओलांडून गेलेल्या हवेच्या स्तंभात दर चौरस मीटरमागे सुमारे ०.८ ग्रॅम वायूची भर पडते. आपण समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहोत. इथे एका चौरस मीटरवर जवळपास ९७०० किलो हवा उभी असते आणि तिच्यात १ पीपीएम कार्बन डायऑक्साइड म्हणजे सुमारे १४.७ ग्रॅम. भागाकार करून पाहावा: वाढ ०.०५ पीपीएमच्या आसपास येते. जगभरच्या हवेतले प्रमाण सध्या वर्षाला अडीच पीपीएमच्या आसपास वाढते, म्हणजे एका आठवड्यात साधारण एवढेच. आणि ओसीओ-२ च्या एका नोंदीतील चूक अर्धा ते एक पीपीएम असते.

शंभर नोंदींची सरासरी घेतली तर यादृच्छिक चूक दहापट कमी होते, असे कोणी म्हणेल. ते बरोबर आहे, पण धुलिकण, जमिनीचा रंग आणि चढउतार यांमुळे येणारी पद्धतशीर चूक सरासरीने जात नाही, आणि पन्हाळा-जोतिबाच्या डोंगरांपासून पंचगंगेच्या काळ्या रानापर्यंत आपल्याकडे जमीन पावलोपावली बदलते.

शिवाय त्या उपग्रहाचा पट्टा जेमतेम १० किलोमीटर रुंद आहे. तो १६ दिवसांनी पुन्हा त्याच मार्गावर येतो आणि विषुववृत्तापाशी दोन शेजारच्या मार्गांमधले अंतर सुमारे १७० किलोमीटर असते, त्यामुळे एखादे शहर त्या पट्ट्यात येणे हा बराचसा योगायोगच म्हणायचा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर २०१९ मध्ये बसवलेले ओसीओ-३ हे उपकरण निवडक शहरांवर वळवून सुमारे ८० गुणिले ८० किलोमीटरचा तुकडा दोन मिनिटांत टिपू शकते, पण ढगांपलीकडचे त्यालाही दिसत नाही. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात आकाश कधी दिसते हे मी आपल्याला सांगायला नको.

गाळपहंगाम यांचे उत्तर

वातकुक्कुट साहेबांचे गणित तपासून पाहिले, ते बरोबर आहे. त्यात एक भर घालतो, कारण माझे आयुष्य साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेले आहे आणि मूळ प्रश्नातील 'उसाने वेढलेले' हे शब्द वाटतात त्याहून महत्त्वाचे आहेत.

दिवसाला ५००० टन गाळप करणारा एक कारखाना घ्या. उसाच्या वजनाच्या २८ ते ३० टक्के बगॅस, म्हणजे रस काढल्यावर उरणारा चोथा, निघते, त्यात निम्मे पाणी असते आणि कोरड्या भागात साधारण ४६ टक्के कार्बन. ही सगळी बगॅस बॉयलरमध्ये जाळली तर दिवसाला सुमारे १२०० टन कार्बन डायऑक्साइड धुराड्यातून बाहेर पडतो. वर गृहीत धरलेल्या १० लाख टनांचा रोजचा वाटा होतो सुमारे २७०० टन. म्हणजे हंगामात असे सव्वादोन कारखाने एका कोल्हापूर शहराच्या तोडीचे झाले, आणि आपल्या जिल्ह्यात कारखाने दोन-तीन नाहीत. त्यात गुऱ्हाळे धरा, जिथे काहिलीखालच्या चुलवाणात वाळलेली चिपाडे दिवसभर घातली जातात. त्यात तोडणीनंतर शेतात पेटवलेले पाचट धरा. आसवनीतील किण्वनातूनही दर लिटर इथेनॉलमागे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि तो कोणत्याही धुराड्याशिवाय.

हिशेबाच्या वहीत हे सारे शून्य धरले जाते, कारण तो कार्बन त्याच उसाने बारा-अठरा महिन्यांत याच हवेतून घेतलेला असतो. नियम म्हणून ते योग्यच आहे. पण उपग्रहाच्या दृष्टीने बगॅसच्या धुरातला रेणू आणि डिझेलच्या धुरातला रेणू यांत काहीही फरक नाही. उलट, उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास येतो तेव्हा उभा ऊस जोमाने हवेतला वायू ओढत असतो. त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च या निरभ्र महिन्यांत, जेव्हा मोजमाप शक्य असते, तेव्हा धुराडी टाकत असतात आणि शिवार ओढत असते, आणि हाती येते ती फक्त वजाबाकी. ती वजाबाकी 'कोल्हापूर शहराचे उत्सर्जन' म्हणून कोणी आराखड्यात लिहिली, तर आमचे शेतकरी आणि महापालिका दोघांवरही अन्याय होईल.

दोन्ही रेणू वेगळे ओळखण्याचा एक खात्रीचा मार्ग आहे, तो म्हणजे कार्बन-१४ हा कार्बनचा किरणोत्सर्गी प्रकार. त्याचे अर्धायुष्य सुमारे ५७३० वर्षे असल्यामुळे कोट्यवधी वर्षे जमिनीखाली राहिलेल्या कोळशात आणि खनिज तेलात तो उरलेला नसतो, तर उसात तो आजच्या हवेइतकाच असतो. पण त्यासाठी हवेचे नमुने बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत न्यावे लागतात. अवकाशातून ते होत नाही.

ओतकाम यांचे उत्तर

मी शिरोली औद्योगिक वसाहतीत फाउंड्री चालवतो, त्यामुळे एका वेगळ्या बाजूने लिहितो. आमच्याकडे पूर्वी कुपोला, म्हणजे कोकवर (दगडी कोळशापासून केलेल्या इंधनावर) चालणारी उभी भट्टी होती. एक टन लोखंड वितळवायला साधारण १०० ते १३० किलो कोक लागायचा आणि एक टन कोक जळला की तीन टनांहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे टन लोखंडामागे तीनशे ते चारशे किलो. आता विजेवर चालणारी इंडक्शन भट्टी आहे. ती टनाला सहाशेच्या आसपास युनिटे घेते, आणि देशातील ग्रीडची सरासरी युनिटामागे ०.७ किलो धरली तर आकडा पुन्हा चारशेच्या घरातच येतो. आमची धूळ गेली, कामगारांचा खोकला कमी झाला, शेजाऱ्यांच्या तक्रारी थांबल्या, हे सगळे खरे आहे. पण कार्बनपुरते बोलायचे तर आमचे धुराडे शिरोलीहून उठून चंद्रपूरच्या वीजकेंद्रात गेले, एवढाच फरक पडला.

उद्या समजा अतिशय सूक्ष्म उपग्रह आला आणि त्याने शिरोली, गोकुळ शिरगाव व कागलच्या वसाहतींवरचे उत्सर्जन घटल्याचे दाखवले, तर ती घट शहराची म्हणायची का? माझ्या मते हवेतले मोजमाप आणि शहराची जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वापरलेल्या विजेचा हिशेब कागदावरच ठेवावा लागेल. त्यामुळे पावत्या टाकून देऊ नयेत.

करवीरनिवासी

तिघांचेही मनापासून आभार. बैठकीत हे वाचून दाखवणार आहे, काही चेहरे पडतील. पण मग प्रारूपांचे काय? उपग्रहाला आपले शहर दिसतच नसेल तर ती निव्वळ शोभेची राहतात का? आणि दुसरे असे की इंटरनेटवर जगाच्या प्रत्येक किलोमीटर चौकोनाचे उत्सर्जन दाखवणारे नकाशे आहेत, त्यांत कोल्हापूरही आहे. ते कशावरून बनवले?

वातकुक्कुट यांचे उत्तर

आधी नकाशांविषयी. आपण पाहिलेला नकाशा बहुधा ओडिअ‍ॅक असावा. त्यात संपूर्ण देशाचे इंधनावर आधारित उत्सर्जन घेऊन मोठी वीजकेंद्रे त्यांच्या ठिकाणी ठेवतात आणि उरलेले उपग्रहाने रात्री टिपलेल्या दिव्यांच्या प्रमाणात वाटतात. म्हणजे आपल्या चौकोनातला आकडा कोल्हापुरात कोणी मोजलेला नसून राष्ट्रीय बेरजेतला वाटा आहे. देशपातळीवर ही पद्धत उपयोगी आहे, पण आपल्याकडे ती कुठे फसेल हे सहज दिसते: उड्डाणपुलावरचे दिवे उजळ, म्हणून तिथे जास्त वाटा, भट्टी दिवसा चालते आणि रात्री शेड अंधारात, म्हणून तिथे कमी. टिपणात हा आकडा 'उपग्रहाने मोजलेला' म्हणून देऊ नये, एवढी कळकळीची सूचना.

प्रारूपे मात्र शोभेची नाहीत. त्यांचे काम असे चालते. एखाद्या ठिकाणी दुपारी बारा वाजता हवेची नोंद घेतली, तर संगणकात त्या ठिकाणाहून हजारो काल्पनिक कण सोडून त्यांना वाऱ्याच्या नोंदींनुसार काळात उलटे चालवतात. नदीला वाहून आलेले लाकूड कुठल्या ओढ्याचे हे शोधावे तसे ते कण मागे कुठे कुठे जमिनीला टेकले ते पाहिले जाते, आणि त्यावरून त्या नोंदीवर कोणत्या भागाचा किती प्रभाव आहे याचा नकाशा तयार होतो. स्टिल्ट आणि हायस्प्लिट ही या कामातली प्रसिद्ध प्रारूपे. नंतर आपला कागदी हिशेब पूर्वअंदाज म्हणून घेतात, त्यात किती चूक असू शकते ते लिहितात, मोजमापातली आणि वाऱ्यातली चूकही लिहितात, आणि बेझच्या संभाव्यता नियमाने दोन्हींचा मेळ घालून सुधारित अंदाज काढतात. इथे ओतकाम यांच्या म्हणण्याला दुजोरा मिळतो: पावत्यांचा हिशेब नसेल तर या गणिताला सुरुवातच होत नाही. आणि मोजमाप कमकुवत असेल तर उत्तर म्हणून आपलाच पूर्वअंदाज थोडा सजून परत येतो, हे अहवाल वाचताना ध्यानात ठेवावे.

आपल्यासाठी मोजमाप जमिनीवर करावे, असे मी सुचवेन. तेच १० लाख टनांचे गृहीतक घ्या. डिसेंबरातल्या सकाळी, जेव्हा गार हवा खाली साचून राहते, मिसळण्याची उंची समजा २०० मीटर आणि वारा सेकंदाला १ मीटर आहे. अशा वेळी जमिनीलगतची वाढ सुमारे ९ पीपीएम येते. स्तंभात ०.०५ आणि जमिनीवर ९, इतका हा फरक आहे. ९ पीपीएम ओळखायला अवरक्त किरणांवर चालणारे तुलनेने स्वस्त संवेदकही पुरतात, मात्र तापमान, हवेचा दाब व आर्द्रता यांनुसार त्यांचे आकडे सरकतात आणि प्रमाणित वायूच्या नळकांड्याशी ते वरचेवर ताडून पाहावे लागतात. अमेरिकेत बर्कली येथे २०१२ पासून असे संवेदक साधारण दोन किलोमीटरच्या अंतराने बसवले आहेत, आणि २०२० च्या टाळेबंदीत त्या भागातील उत्सर्जन सुमारे ३० टक्के घटल्याचे त्यांनी टिपले. आपल्याकडची हवा-गुणवत्ता केंद्रे धुलिकण, नायट्रोजनची ऑक्साइडे वगैरे मोजतात, कार्बन डायऑक्साइड हा प्रदूषकांच्या त्या यादीत नाही.

जागा निवडताना मोसमी वारे पाहावेत. हिवाळ्यात वारा बहुतेक पूर्वेकडून असतो, तेव्हा शिरोलीच्या पलीकडे एक आणि रंकाळ्याच्या पश्चिमेला एक संवेदक हवा. उन्हाळ्यात पश्चिमेचा वारा सुरू झाला की त्यांच्या भूमिका उलटतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने सिंहगडावर हवेचे नमुने घेतले आहेत आणि त्याआधी १९९३ पासून गोव्यातील काबो दी रामा येथेही ते घेतले गेले होते, त्यामुळे पश्चिम घाटाच्या या पट्ट्यात शहराबाहेरची हवा कशी असते, तिच्यात ऋतूनुसार काय चढउतार होतात, हे अगदीच अज्ञात नाही. उसाचा वाटा वेगळा काढण्यासाठी गाळप हंगामात आणि हंगामानंतर, एप्रिल-मेमध्ये, असे दोन वेगळे हिशेब करावेत. गाळपहंगाम यांनी सांगितलेली कार्बन-१४ ची तपासणी मोजक्या नमुन्यांवर झाली तरी पुष्कळ.

युरोपची सीओटूएम ही उपग्रहमालिका प्रस्तावित आहे. तिचा पट्टा २५० किलोमीटरचा, चौकोन दोन किलोमीटरचा आणि सोबत नायट्रोजन डायऑक्साइड मोजणारे उपकरण असेल. हा वायू काही तासांतच नाहीसा होत असल्याने ताजा धूर कुठून निघाला ते त्यावरून ओळखता येते. तरीही ०.७ पीपीएम हे तिच्या अचूकतेचे उद्दिष्ट आपल्या ०.०५ च्या चौदापट आहे. चंद्रपूरच्या वीजकेंद्रासाठी ती उत्तम, आपल्यासाठी नाही.

ओतकाम

एक संवेदक आमच्या छतावर बसवायला माझी हरकत नाही. वीज आणि इंटरनेटचा खर्चही आम्ही करू. फक्त शेजारच्या शेडमध्ये अजून कुपोला चालू आहे आणि त्याचे धुराडे छतापासून पन्नास फुटांवर आहे, ते चालेल का?

वातकुक्कुट

नाही चालणार. तो संवेदक शहराऐवजी तेवढे धुराडेच मोजत बसेल. धुराड्यापासून निदान काही शे मीटर दूर आणि भोवतालच्या शेडपेक्षा उंच अशी जागा हवी. वसाहतीतील पाण्याची उंच टाकी मिळवता आली तर पाहावी, आणि परवानगीचा अर्ज करवीरनिवासी यांच्या टिपणासोबतच जोडावा.